उत्तर आधीच माहीत असेल तर प्रयोग कशाला?



७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने एका प्रयोगाचा निकाल जाहीर केला आणि जगभर मथळे झळकले : निसर्गातलं पाचवं बल सापडलं की काय? चार वर्षांनी, ३ जून २०२५ ला, त्याच प्रयोगाचा अंतिम निकाल आला. तो तुमच्यापैकी किती जणांनी वाचला? माझं मत विचाराल तर वर्गात शिकवण्यासारखी बातमी ही दुसरीच आहे.

आधी थोडा पाठ करून घेऊ. मूलकणांविषयी आज आपल्याला जे माहीत आहे ते ‘स्टँडर्ड मॉडेल’ नावाच्या सिद्धांतात बसवलेलं आहे. त्यात १७ प्रकारचे मूलकण आहेत. शेवटचा हिग्ज बोसॉन २०१२ मध्ये सापडला. सिद्धांत इतका बरोबर ठरत आलाय की शास्त्रज्ञांना त्याचाच त्रास होतो! कारण तो अपुरा आहे हेही पक्कं ठाऊक आहे. त्यात गुरुत्वाकर्षण नाही. विश्वात साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असलेलं कृष्णद्रव्य नाही. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे सिद्ध झालंय, पण मूळ मांडणीत त्यालाही जागा नव्हती. म्हणजे भिंतीत फट आहे हे नक्की, ती कुठे आहे ते सापडत नाही.

ती फट शोधायची एक जागा म्हणजे म्यूऑन. हा इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ, वस्तुमान सुमारे २०७ पट, आयुष्य सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तो सतत तयार होतो. हे वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखादा आरपार जातोय. म्यूऑन हा एक छोटा चुंबक असतो. त्याला चुंबकीय क्षेत्रात सोडलं की वेग कमी झालेला भोवरा जसा डुलतो तसा त्याचा अक्ष डुलतो. किती वेगाने डुलतो हे ‘जी’ या संख्येवरून ठरतं. (हा ‘जी’ वेगळा, गुरुत्वत्वरणाचा ‘जी’ वेगळा. त्याच्याकडे नंतर येतो.)

डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणानुसार हा ‘जी’ बरोबर २ यायला हवा. प्रत्यक्षात तो २ पेक्षा किंचित जास्त येतो. कारण रिकामी जागा खरोखर रिकामी नसते. क्षणभर उमटून विरणारे कण म्यूऑनला हलकेच ढकलत असतात. आता गंमत बघा. माहीत असलेल्या सगळ्या कणांचा धक्का गणिताने मोजा आणि प्रयोगातला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. प्रयोगात जास्त आलं, तर अजून न सापडलेला कोणीतरी ढकलतोय!

न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत २००१ पर्यंत झालेल्या मोजणीत असाच फरक दिसला होता, पण पैज लावण्याइतका पक्का नव्हता. म्हणून २०१३ मध्ये तिथलं ५० फूट व्यासाचं चुंबकाचं कडं उचलून फर्मीलॅबला नेलं. आतल्या वेटोळ्यांना पीळ बसला तर सगळं संपलं, त्यामुळे कडं सुटं न करता बार्जवर चढवलं. अटलांटिकच्या किनाऱ्याने फ्लोरिडाला वळसा, मग नद्यांमधून वर, असा सुमारे ५,००० किलोमीटरचा प्रवास झाला.

२०२१ च्या निकालात फरक ४.२ सिग्मा निघाला. म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण ४०,००० त एक. ‘शोध लागला’ म्हणायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे सुमारे ३५ लाखांत एक. वर्तमानपत्रांनी तेवढी वाट पाहिली नाही.

पुढे काय झालं? म्यूऑन हलला नाही, गणित हललं. सिद्धांताच्या बाजूचा सगळ्यात अवघड भाग आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजमापांवरून काढत. महासंगणकावर तोच भाग थेट काढणाऱ्या एका गटाचं उत्तर, तेही नेमकं ७ एप्रिललाच प्रसिद्ध झालेलं, प्रयोगाच्या बरंच जवळ होतं. नंतर इतर गटांनाही तसंच मिळालं. २०२५ मध्ये सिद्धांताचा अधिकृत आकडा बदलला आणि प्रयोगाचा अंतिम आकडा (‘जी’ मधून २ वजा करून निम्मं केलं की ०.००११६५९२०७०५) त्याच्याशी जुळला. प्रयोगाची अचूकता आहे १०० कोटींत १२७ भाग.

यावर ‘एवढा खर्च वाया गेला’ म्हणणारे भेटतात. मला हे मान्य नाही. मात्र ‘स्टँडर्ड मॉडेल जिंकलं’ म्हणणंही घाईचं आहे. आज सिद्धांताच्या आकड्यातली अनिश्चितता प्रयोगातल्या अनिश्चिततेच्या चौपट आहे, आणि टकरींची मोजमापं आपापसांत का जुळत नाहीत हे अजून उलगडलेलं नाही.

पण मला या प्रयोगातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती त्यांचं घड्याळ. म्यूऑनचं डुलणं ज्या घड्याळाने मोजायचं, त्याची गती मुद्दाम थोडी बदलून ठेवली होती. किती बदलली हे प्रयोगाबाहेरच्या फक्त दोघांना माहीत. आकडा बंद पाकिटात. बाकी सगळ्यांनी वर्षानुवर्षं विश्लेषण केलं ते खरं उत्तर न दिसता. सगळं तपासून, सगळ्यांची संमती झाल्यावरच पाकीट फोडायचं आणि त्यानंतर उत्तराला हात लावायचा नाही. असं का? कारण हवं ते उत्तर दिसू लागलं की प्रामाणिक माणूसही चुका शोधायचं थांबवतो.

आता आपल्या प्रयोगशाळेत या. अकरावीचा दोलकाचा प्रयोग. ‘जी’ चं उत्तर ९.८ येणार हे पोरांना पहिल्या दिवसापासून पाठ. मग काय, आधी उत्तर लिहायचं आणि मागून रीडिंग बसवायची! जर्नल सुबक, सही झाली, मार्क मिळाले. दोष पोरांना देऊ नका. ९.४ आणणाऱ्याला ‘चुकलं’ म्हणणारे आपणच. त्या ९.४ मागे आंदोलनं मोजताना झालेली चूक होती की दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजण्याची, हे विचारायला आपल्याला वेळ नसतो.

शिक्षकांनो, यंदा एक करून पाहा. खर्च पाच-दहा रुपये. मीटरपट्टीची झेरॉक्स १०३ टक्क्यांवर काढा, तुकडे जोडून कागदी पट्टी करा आणि पोरांना लांबी तिनेच मोजायला सांगा. टक्का पाकिटात बंद करून टेबलावर ठेवा. शेवटचा गट आकडेमोड संपवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नीट मोजणाऱ्यांचं उत्तर ९.५ च्या आसपास येईल. ज्यांच्या वहीत ९.८ असेल, त्यांना रागावू नका. फक्त रीडिंग कशी घेतली ते विचारा.