ट्यूबवरची भाषा

उर्दू आणि मराठी असे दोन विषय शिकवत असल्यामुळे असेल, दुकानात गेलं की माझं लक्ष वस्तूपेक्षा तिच्यावरच्या शब्दांकडे आधी जातं. चेहऱ्याच्या क्रीमचं कपाट म्हणजे तर भाषेचा आयता तक्ताच. बायकांच्या खान्यात गुलाबी-पांढऱ्या ट्यूब, त्यांवर 'ब्यूटी', 'ग्लो', 'लव्हली'. पुरुषांच्या खान्यात काळी-निळी खोकी, त्यांवर 'अ‍ॅक्नो फाइट', 'एनर्जी चार्ज'. बाईनं सुंदर दिसायचं, पुरुषानं पुटकुळीशी लढायचं! मर्दानं क्रीम लावायचं म्हटलं की त्या क्रीमला आधी लढाईचा पोशाख चढवावा लागतो.

खोका उलटा केला की हा आवेश उतरतो. बारीक अक्षरांत बहुतेक वेळा तीच नावं सापडतात: पाणी, ग्लिसरीन, नियासिनामाइड. पुरुषाची त्वचा थोडी जाड आणि तेलकट असते, रोजच्या दाढीनं ती सोलवटते, हे खरं. त्यामुळे चेहरा धुण्याच्या साबणात फरक असला तर तो समजू शकतो. पण ओलावा टिकवणारं ग्लिसरीन हे बाईचा गाल आणि पुरुषाचा गाल असा भेद करत नाही.

'फेअर अँड लव्हली' भारतात आली १९७५ साली. पुढची तीस वर्षं गोरेपणाचा माल उघडपणे बाईच्याच नावानं विकला गेला. त्यातली एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. मुलगा असता तर कमावून आणलं असतं, असं बाप म्हणतो. मुलगी ऐकते, क्रीम लावते आणि गोरी होऊन हवाईसुंदरीची नोकरी मिळवते. महिला संघटनांनी तक्रारी केल्या आणि २००३ साली ती पडद्यावरून गेली. नोकरीला गुण लागतात की रंग, हा प्रश्न मात्र घराघरांत तसाच राहिला.

मग २००५ मध्ये इमामीनं 'फेअर अँड हँडसम' आणलं. त्याच्या जाहिरातीतला मुलगा बायकांचं क्रीम चोरून लावताना पकडला जातो आणि त्याची थट्टा होते. म्हणजे मुलीला सांगितलं, तू सावळी आहेस याची लाज वाट. मुलाला सांगितलं, तू सावळा आहेस याची लाज वाटू दे, आणि बायकी क्रीम लावतोस याचीही. एका गिऱ्हाइकाला दोन लाजा! २०२० मध्ये 'फेअर' शब्दावर जगभर टीका झाली, तेव्हा जुन्या क्रीमचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. पुरुषांसाठीच्या 'ग्लो अँड हँडसम' या नावावरून तर दोन कंपन्या कोर्टात गेल्या. पुढे 'फेअर अँड हँडसम'चंही 'स्मार्ट अँड हँडसम' झालं. विशेषणं बदलली, ट्यूब तीच.

पण सगळा दोष कंपन्यांवर टाकून मोकळं होता येणार नाही. उर्दू वर्तमानपत्रांतले 'ज़रूरत-ए-रिश्ता'चे रकाने पाहा. मुलीसाठी 'खुश-शक्ल, गोरा रंग, उमूर-ए-खानादारी में माहिर'. मुलासाठी दोनच शब्द, 'बरसर-ए-रोज़गार'. जाहिरात लिहिणाऱ्यानं हे व्याकरण आपल्याच घरातून उचललं. रिश्ता पाहून आलेल्या खालाजान परतताना "लड़की का रंग ज़रा दबता है" म्हणतात तेव्हा त्यांना कुणी पैसे दिलेले नसतात.

मला जास्त काळजी आता मुलांची वाटते. नववी-दहावीच्या मुलीनं काही लावलं तर अम्मी विचारते, आपा विचारते, मैत्रिणी ट्यूब हातात घेऊन वाचतात. मुलगा कुणाला सांगत नाही, कारण ही बायकी गोष्ट आहे असं त्याच्या मनात भरवलेलं असतं. तो मेडिकलमधून मित्रानं सांगितलेली स्वस्त ट्यूब घेतो आणि दप्तरात ठेवतो. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. आठवड्याभरात चेहरा उजळतो, म्हणून तो खूश. काही महिन्यांत कातडी पातळ पडते, उन्हात चेहरा लाल होतो, पुटकुळ्या उठतात. बंद केलं की त्रास वाढतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. २०१८ साली सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण सवयीनं मागणारा आणि सवयीनं देणारा अजून भेटतातच.

दिल्लीतल्या एका गिऱ्हाइकानं २०१३ साली ७९ रुपयांचं पुरुषांचं क्रीम घेतलं, गोरेपणा आला नाही म्हणून ग्राहक मंचात गेला आणि २०२४ च्या डिसेंबरात कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड झाला. कंपनीच्या बचावातला एक मुद्दा मला फार आवडला: परिणामासाठी चांगला आहार, व्यायाम, स्वच्छ राहणीही लागते. हे खोक्यावर कुठं होतं, असं मंचानं विचारलं.

तेव्हा घरातल्या मुलाच्या दप्तरात ट्यूब सापडली तर आधी हसू नका, ओरडूही नका. मागची बाजू वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. किती दिवसांत कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतील. आणि ट्यूबवर काहीच छापलेलं नसेल, नुसतीच पांढरी डबी असेल, तर ती डबीही सोबत न्या. अशा बेनाव क्रीममधल्या पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं अकोल्यातही घडली आहेत.