परक्या पाण्यांतील पिलें

गेल्या पावसाळ्यांत सहावींतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, मला अ‍ॅक्सोलॉटलचीं पिलें घरीं पाळावयाचीं आहेत. तीं आपल्या जालन्यांत जगतील काय?" हंसऱ्या तोंडाचा तो गुलाबी प्राणी त्यानें मोबाईलवरील खेळांत पाहिला होता. प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर पालकांनींही ऐकावें असें वाटल्यावरून तें येथें देत आहें.

मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्को येथील तळें व कालवे हें या प्राण्याचें मूळ घर. आपला बेडूकमासा वाढून बेडूक होतो व जमिनीवर येतो. हा मात्र सहसा जन्मभर कल्ले घेऊन पाण्यांतच राहतो. त्याचा तुटलेला पाय पुन्हां उगवतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचें मोठें कुतूहल. पॅरिसला तो १८६४ सालीं पोहोंचला आणि पुढें प्रयोगशाळांतून त्याच्या पिढ्या वाढल्या. परंतु मूळ घरीं १९९८ सालीं दर चौरस किलोमीटरमागें सुमारें ६,००० असलेले हे जीव २०१४ सालीं अवघे ३६ उरल्याचें गणतींत आढळलें.

आतां संगोपनाविषयीं. अंड्यांतून निघालेलें पिलूं जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचें असतें. पहिले दोन-तीन दिवस तें पोटांतील बलकावर जगतें. नंतर त्यास हलणारें जिवंत भक्ष्यच लागतें. म्हणून पाण्यांतील अतिसूक्ष्म कोळंबीसारखे जीव रोज द्यावे लागतात आणि उरलेलें अन्न काढून पाणी बदलावें लागतें. पिलांची दाटी झाली किंवा तीं उपाशी राहिलीं, तर तीं एकमेकांचे पाय व कल्ले तोडतात. यास्तव तीं निरनिराळीं ठेवावीं. भांड्याच्या तळाशीं बारीक खडे नसावेत, कारण तीं ते गिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पाणी १६ ते १८ अंश इतकें थंड हवें. तें २४ अंशांच्या वर राहिलें कीं त्यांना रोग जडतात.

येथेंच माझें मत स्पष्ट सांगतों. मस्तगडाच्या दगडी घरांतही वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. वीज जाते, नळास रोज पाणी येतेंच असें नाहीं. पाणी थंड ठेवणारें यंत्र एक दुपार बंद पडलें तर त्या मुक्या जीवांनीं कोणाकडे पाहावें? शिवाय २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याप्रमाणें असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यानें त्यांची नोंदणी करावी लागते. कंटाळा आला म्हणून ते कुंडलिकेंत सोडणें तर दुहेरी अपराध होय.

हें मी परोपदेश म्हणून लिहीत नाहीं. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मीं वर्गांतील काचेच्या बरणींत बेडूकमासे ठेविले होते. पाणी गढूळ झालें म्हणून मीं तें ओतून ताजें नळाचें पाणी भरलें. त्यांत क्लोरीन असतो व असें पाणी निदान एक दिवस उघडें ठेवावें लागतें, हें पदवीधर असूनही मला सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्व मेलेले होते. मुलें कांहीं बोललीं नाहींत; एकानें मात्र बरणी धुवून माझ्या टेबलावर पालथी ठेविली. ती बरणी अद्याप माझ्या डोळ्यांपुढें आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्यास मीं इतकेंच सांगितलें: जो वर्षभर एक दिवसही न चुकतां पाणी, अन्न व थंडावा देऊं शकेल आणि ज्याच्या आईवडिलांची या कामास संमति असेल, त्यानेंच हा विचार करावा. आपल्याकडे तें मला शक्य दिसत नाहीं. त्याऐवजीं आषाढांतील डबक्याकांठीं वही घेऊन बसावें. बेडूकमाशास मागचे पाय आधीं फुटतात, अ‍ॅक्सोलॉटलच्या पिलास पुढचे. हा फरक पुस्तकांत वाचावा, पण अर्धा तरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा. तो विद्यार्थी दोन आठवडे रोज गेला. त्याच्या वहींत अकरा चित्रें आहेत, आणि डबक्यांतील एकही जीव त्यानें घरीं आणिला नाहीं.