घरगल्लीचा धनी कोण?

मुंबईत गिरगाव, भुलेश्वर, परळ या भागांतील जुन्या चाळींत राहिलेल्या माणसाला घरगल्ली म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन इमारती, मध्ये चार-सहा फुटांची काळोखी पट्टी, तीत गळके सांडपाण्याचे नळ आणि वरच्या खिडक्यांतून भिरकावलेल्या कचऱ्याचा थर. पुढल्या बाजूस तुळशीची कुंडी व उत्सवाचा मंडप, मागल्या बाजूस उंदीर! या पट्टीचा धनी कोण, असे विचारताच सर्वांची तोंडे फिरतात.

घरमालक म्हणतो, भाडे गोठलेले, त्यात सफाई कोठून करू? भाडेकरू म्हणतो, जागा माझी नव्हे. १९६९च्या कायद्याने उपकर घेऊन इमारती दुरुस्त करण्यासाठी मंडळ आले, पण त्याची नजर भिंती व तुळयांवर. पालिका अधूनमधून मोहीम काढते आणि एरवी जागा खासगी असल्याचे सांगते. प्रत्येकाचे म्हणणे थोडेफार खरे आहे, आणि या अर्धसत्यांच्या बेरजेलाच आपण 'बेवारस जागा' असे नाव दिले आहे.

वास्तविक कायद्याला बेवारस जमीन ठाऊकच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २० अन्वये जी जमीन कोणाचीच नाही, ती राज्य शासनाची ठरते. घरगल्ली तर बहुधा अशीही नसते; ती या किंवा त्या मिळकतीचाच भाग असते. उणीव आहे ती मालकाची नव्हे, उत्तरदायित्वाची.

या गल्ल्या मुळात कशासाठी ठेवल्या गेल्या, याचाही विसर पडता कामा नये. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या अधिनियमात घरगल्लीची व्याख्या आहे. सांडपाणी वाहून नेणारी अथवा सफाई करणाऱ्यास शौचकूपापर्यंत पोहोचविणारी पट्टी, असा तिचा आशय. टोपलीचे संडास होते तेव्हा मैला उचलणारा माणूस मागल्या वाटेने येई. दर्शनी जिन्यावर तो कोणास दिसत नसे. जातिव्यवस्था अशी विटा-चुन्यात बांधली गेली. पुढे टोपल्या गेल्या; हाताने मैला उचलण्यास १९९३ व २०१३च्या कायद्यांनी बंदी केली. परंतु गल्ली साफ करण्याची वेळ आली की तीत उतरणारा माणूस बहुधा त्याच समाजांतला असतो. आपण खिडकीतून टाकतो, ते तो उचलतो.

ही केवळ किळसेची बाब नाही. १८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला, आणि उंदीर व दाटीची वस्ती यांचे नाते शहराला पुढे फार महाग पडले. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने पुन्हा तोच धडा दिला. उंदीर सातबारा पाहून बीळ करीत नाही.

म्हणून मालकीचा वाद आणि निगेची जबाबदारी या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालो; गल्ली तोवर थांबू शकत नाही. पालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयाने घरगल्ल्यांची नोंदवही करावी, तीत लगतच्या इमारतींची नावे लिहावीत. सफाई पालिकेने यंत्रे व संरक्षक साधने देऊन ठरल्या दिवशी करावी, खर्च दोन्ही बाजूंवर निम्मा-निम्मा आकारावा. पैसे दिल्याने मालकी हक्क शाबीत होत नाही, हे त्याच आदेशात स्पष्ट करावे, म्हणजे भय राहणार नाही आणि अतिक्रमणाची हावही सुटणार नाही. गळके नळ दुरुस्त करण्यास मुदत द्यावी, खिडकीतून कचरा टाकणाऱ्यास दंड करावा.

नोंदवहीचे काम पालिकेचे आहे. खिडकीचे मात्र आपले. हक्क सांगताना आपण पाऊल-पाऊल जमीन मोजतो. कर्तव्याची वेळ आली की तीच जमीन कोणाचीच नसते. ही मोजणी आता दोन्ही वेळी एकाच साखळीने व्हावयास हवी.