लाज बाजूला ठेवा, आधी १९३० लावा

मोबाइलवर मेसेज येतो : मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. खाली साधा दहा आकडी नंबर. फोन लावला की पलीकडचा माणूस अदबीनं एक अ‍ॅप घ्यायला लावतो आणि 'फक्त दहा रुपये भरून बघा' म्हणतो. ते अ‍ॅप एनीडेस्कसारखं असतं. आपला स्क्रीन त्याला जसाच्या तसा दिसतो. दहा रुपये भरताना टाकलेला तपशील आणि आलेला ओटीपी तो वाचतो. पुढच्या काही मिनिटांत खातं साफ.

२०२२ मध्ये या मेसेजांनी महाराष्ट्रात धुमाकूळ घातला आणि महावितरणला वारंवार सावध करावं लागलं. आता सोंगं बदलली आहेत. कधी आरटीओच्या चलनाच्या नावानं एपीके फाइल येते, कधी व्हिडिओ कॉलवर गणवेशातला तोतया 'डिजिटल अरेस्ट' करतो. कायद्यात अशी अटकच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं. तरीही डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी फसतातच. भीती आणि घाई एकदम अंगावर आली की शिक्षण कामाला येत नाही.

म्हणूनच 'एवढं कसं कळलं नाही?' हा घरातला पहिला प्रश्न घातक आहे. त्या धाकानं माणूस गप्प बसतो आणि तोवर पैसे भाड्याच्या खात्यांतून पाच-दहा ठिकाणी पांगतात. १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर ते वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते.

नियमही हेच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाला भुर्दंड नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, नंतरचं बँकेचं. त्यामुळे १९३० पाठोपाठ बँकेतही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायलाच हवा.

ओळखीच्या चोरीवरही घरबसल्या लक्ष ठेवता येतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते 'संचार साथी'वर दिसतं, आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करता येतात आणि परस्पर कुणी कर्ज उचललं का, हे वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या क्रेडिट रिपोर्टमधून कळतं.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणं अन्यायाचं आहे. धमकावून ओटीपी काढून घेतलेल्या पेन्शनरला निष्काळजी ठरवणारा नियम बदलायला हवा. वर्षानुवर्षं फक्त घरखर्चापुरते पैसे काढणाऱ्या खात्यातून अचानक पाच लाख अनोळखी खात्यात निघाले, तर बँकेनं ते काही तास रोखावेत आणि खातेदाराला स्वतः फोन करून विचारावं. व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा बँकांकडे आहे. ती ग्राहकाच्या बाजूनं वापरण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेनं घालावं.