उसाच्या ट्रॉलीमागे कोणता रंग हवा?

दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं ओस पडू लागतात. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन बीडचे ऊसतोड मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. पुढे हंगामभर त्याच ट्रॉल्या आणि टायरगाड्या ऊस भरून रात्री-अपरात्री कारखान्याकडे निघालेल्या असतात. त्यांच्या मागे कुठे काहीच दिसत नाही, कुठे चिखलाने माखलेला एखादा रिफ्लेक्टर असतो, तर कुठे हौसेने लावलेल्या निळ्या-हिरव्या लुकलुकत्या पट्ट्या. हा रंग हौसेवर सोडण्याचा विषय नाही. समोर काय आहे आणि ते कुठे चाललं आहे, हे मागच्या चालकाला तो रंगच सांगतो.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तक पट्ट्यांचा क्रम स्पष्ट आहे : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. जगभरचे चालकही हाच क्रम ओळखतात. मात्र लालची एक उणी बाजू प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. उजेड कमी झाला की डोळ्यांची संवेदनक्षमता 555 नॅनोमीटरवरून 507 च्या दिशेने, म्हणजे निळसर-हिरव्याकडे सरकते आणि लाल रंग सगळ्यांत आधी काळवंडतो. ज्यांच्या डोळ्यांना लाल रंग नीट कळत नाही, त्यांना तो आणखीच मंद दिसतो. त्यात लाल पट्टीकडून मानकांची किमान अपेक्षाच पांढरीच्या साधारण पाव हिश्श्याएवढी असते.

मग मागेही पांढरी किंवा हिरवी पट्टी का नको, असं कोणी विचारेल. कारण नुसतं दिसणं पुरेसं नाही. मागे पांढरा उजेड दिसला की समोरून गाडी येते आहे असं वाटतं आणि निळा-हिरवा लुकलुकाट तर काहीच सांगत नाही. ताशी 80 किलोमीटरने धावणारी मोटार ताशी 20 ने चाललेल्या ट्रॉलीकडे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर सरकते. शंभर मीटरवर ट्रॉली दिसली तरी हातात सहाच सेकंद उरतात, आणि त्यातले दोन अर्थ लावण्यात गेले तर ब्रेकला काय राहणार? म्हणून लालच ठेवावा, पण वीतभर नव्हे, ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीभर. धुक्यात अमुक रंग आरपार दिसतो, हा समजही सोडून द्यावा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. तिथे उपयोगी पडतो तो पट्टीचा आकार आणि तिची स्वच्छता.

संथ वाहनांचा प्रश्न अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाने 1960 च्या दशकात सोडवला. शेतीच्या वाहनांमागे लावायचा त्यांचा त्रिकोण मध्ये झळाळत्या नारिंगी रंगाचा आणि कडेने लाल परावर्तक पट्टीचा आहे. नारिंगी भाग दिवसा उठून दिसतो, पण रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री हेडलाइटच्या उजेडात लाल कड चमकते. दोन वेळांची कामं दोन रंगांना वाटून दिली आहेत, आणि आपल्या ट्रॉलीला नेमकी हीच योजना हवी. बॅटरी लागत नसल्याने बैल जुंपलेल्या टायरगाडीलाही ती चालते.

राहिला खर्चाचा आणि ऊस पट्टीवर लोंबण्याचा आक्षेप. पट्टी आणि त्रिकोणाची किंमत ट्रॅक्टरमालकाच्या हंगामी उलाढालीत नगण्य आहे. फळीवर लोंबणाऱ्या उसाने पट्टी झाकली जाते हे मात्र खरं आहे. त्यासाठी त्रिकोण आडव्या दांडीवर, उसाच्या बाहेर टांगता येतो. ही जबाबदारी मुकादमावर किंवा उचल घेऊन आलेल्या मजुरावर ढकलू नये. ऊसवाहतुकीचे करार कारखाने करतात आणि गाडी वजनकाट्यावर येते तीही त्यांच्याच आवारात. मागे स्वच्छ लाल पट्टी, बाजूला पिवळी आणि नारिंगी त्रिकोण नसलेली गाडी रिकामी होऊन पुन्हा रस्त्यावर निघण्याआधी फाटकावरच थांबवावी, तिथेच या वस्तू लावून द्याव्यात आणि निळे-हिरवे दिवे काढून घ्यावेत. साखर आयुक्तालयाने येत्या गाळप हंगामाच्या परवान्यातच ही अट घालावी.