पायका आणि उद्दिष्टपूर्ती

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त लडाखमधील चांगथांगला गेलो असता, तोंडात गवताची काडी धरून बिळाकडे पळणारा एक इवलासा प्राणी मी पाहिला. कान वाटोळे, शेपूट नाहीच. दिसायला उंदरासारखा, पण सशाच्या गणातला. हा पायका. तिबेटी पठारावरील त्याच्या भाऊबंदाची, पठारी पायकाची, कथा प्रशासकांनी वाचण्याजोगी आहे.

दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा जीव तीन ते पाच हजार मीटर उंचीवरील कुरणांत बिळे करून राहतो. हिवाळ्यातही तो जागा असतो. प्रसंगी याकच्या शेणावर गुजराण करतो, असे २०२१ मधील संशोधनात आढळले. चिनी यंत्रणेला मात्र उजाड कुरण आणि पायकाची बिळे एकाच जागी दिसली, आणि आरोपी ठरला. १९६० ते १९९० या काळात एकट्या छिंगहाय प्रांतात दोन लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर विषप्रयोग झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश.

दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. पायकाला आखूड गवत मानवते, कारण त्यात शत्रू दुरून दिसतो. गुरांनी कुरण खुरटवले की त्याचे फावते. शिवाय तो एका उन्हाळ्यात अनेकदा वितो. त्याच्यावर जगणारे कोल्हे व शिकारी पक्षी इतक्या वेगाने वाढत नाहीत. म्हणून विषानंतर आधी परततो तो पायकाच, आणि पुढील मोहिमेचे उद्दिष्ट आयते तयार होते! त्याच्या बिळांत पक्षी घरटी करतात, हे स्मिथ व फॉगिन यांनी १९९९ मध्येच मांडले होते. २०१५ मध्ये विल्सन व स्मिथ यांनी दाखवले की, पायकांची वस्ती असलेल्या जमिनीत पाणी अधिक वेगाने मुरते. यांगत्से, पीत नदी आणि मेकाँग याच प्रांतात उगम पावतात. विषाच्या खर्चात ही बाब कोणी धरली नव्हती.

मला यावर हसवत नाही. 'उद्दिष्ट' आणि 'साध्य' या दोन रकान्यांचे तक्ते मीही वर्षानुवर्षे भरून घेतले आहेत. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचलमध्ये माकड यांना ठराविक क्षेत्रांत, मर्यादित मुदतीसाठी 'उपद्रवी' घोषित केले. शेतकऱ्यांचे नुकसान खरे होते, यात शंका नाही. तरीही अशा प्रत्येक प्रस्तावात, ही संख्या वाढली कशामुळे, याचे उत्तर सक्तीचे असावे आणि काही क्षेत्र तुलनेसाठी मोहिमेबाहेर राखावे, असे माझे मत आहे. त्याने मंजुरीस एखादा हंगाम उशीर होईल. तो होऊ द्यावा.