कालपर्यंत काय काम करत होतात?

१९५४ साली दादरा व नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली, तेव्हा खडोलीचा हा परिसर वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्यांचा होता. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि भातखाचरातला तरुण पॉलिएस्टर धाग्याच्या यंत्रासमोर उभा राहिला. भरलेली बॉबिन उतरवणे, रिकामी नळी चढवणे, तुटलेला धागा ओवणे हे त्याचे काम. नव्या यंत्रांत उतरवण्या-चढवण्याचे काम यंत्रच करते.

ह्याचे दुःख आपण डॉक्टरांनी का मानावे? धरलेली कंबर, आखडलेले खांदे आणि गोंगाटाने मंदावलेले कान आपण वर्षानुवर्षे तपासले आहेत. माणसाचे हे भोग यंत्राने घेतले तर ते स्वागतार्हच होय.

परंतु भोगांबरोबर मजुरीही गेली तर? ज्याची कंबर कामापायीच गेली, त्यालाच प्रथम घरी बसावे लागते. नवे यंत्र थोडी आणि शिकलेली माणसे मागते. असा रुग्ण निद्रानाश, आम्लपित्त वा दारूची सवय घेऊन आपल्याकडे येतो. आपण गोळ्या लिहितो. व्याधीचे मूळ मात्र पोटात नसते.

येथे आपले कर्तव्य सुरू होते. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कायद्याने व्यावसायिक रोगांत गणले आहे. पण नोकरी सुटल्यावर ते कामामुळेच आले, हे सिद्ध करणे कठीण. कामगार कामावर असतानाच त्याची श्रवणचाचणी करून, व्यवसायासह नोंद लिहून दिली, तर तो कागद उद्या त्याच्या हक्काचा आधार ठरेल. ह्याला खर्च थोडा, आस्था मात्र हवी.

स्वयंचलन आपल्याही दारी आले आहे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. तरीही आपण निश्चिंत आहोत, कारण आपल्यापाशी पदवी आहे आणि आपली बाजू मांडणारी संघटना आहे. कंत्राटी कामगारापाशी ह्यांतले काय आहे?

१७०० साली इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी सांगितले, की रुग्णाला त्याचा व्यवसायही विचारावा. त्या प्रश्नाला आज आपण एक पुरवणी जोडू या : ‘कालपर्यंत काय काम करत होतात?’ आणि उत्तर ऐकण्यापुरती लेखणी क्षणभर खाली ठेवू या.